तिथी बघा, मग गाडी काढा: दापोलीच्या किनाऱ्यावर मुलाबाळांसकट एक दिवस

लग्न होऊन दापोलीत आले त्याला आता वीस वर्षं होतील. तेव्हापासून डिसेंबर आणि मे महिन्यात आमच्या घरी पाहुण्यांची गादी रिकामी नसते. येणारा प्रत्येक जण चहाचा कप खाली ठेवायच्या आत एकच प्रश्न विचारतो: "ताई, एका दिवसात काय काय बघून होईल?" माझ्या धाकट्या भावाने तर पुण्याहून निघतानाच यादी केली होती. केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर, आसूद, पन्हाळेकाजी, दाभोळ. मोबाइलच्या नकाशावर हे सगळं वीतभर अंतरात दिसतं आणि तिथेच माणूस फसतो. त्या दिवशी त्यांची पाच गावं झाली, जेवण चुकलं, भाची दोनदा ओकली आणि संध्याकाळी विचारलं तर कुठल्या देवळात काय पाहिलं हे कोणालाच सांगता येईना.

तेव्हापासून मी पाहुण्यांना चारच गावं सांगते: आसूद, मुरुड, आंजर्ले, हर्णै. सगळा फेरा पन्नास-साठ किलोमीटरचा. हे अंतर ऐकून कोणी म्हणेल, मग तर दुपारपर्यंत आटपेल. नाही आटपत. इथे दिवस किलोमीटरवर चालत नाही. समुद्र कधी भरतो, भात कधी शिजतो आणि होड्या कधी लागतात, या तीन वेळांवर तो चालतो. त्या पाळल्या की बाकीचं आपोआप जमतं.

आधी कालनिर्णय, मग सुट्टीचा अर्ज

तारीख ठरवताना शनिवार-रविवार बघाच, पण शेजारी छापलेली तिथीही बघा. आमच्याकडे जुन्या माणसांचा साधा हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊच्या आसपास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीपुरता तो बरोबर येतो. दुसऱ्या दिवशी हीच वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

याचा उपयोग काय? लहान मुलं बरोबर असतील तर फार मोठा. ओहोटीचं पाणी आत ओढतं. भरतीचं पाणी किनाऱ्याकडे ढकलतं. म्हणून मुलांना पाण्यात सोडायचं ते ओहोटी संपून भरती लागल्यावर, तेही गुडघ्याच्या वर नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. दुपारी बाराच्या आसपास समुद्र तुडुंब आणि तिथून संध्याकाळपर्यंत पाणी जोरात मागे जात असतं. तेव्हा क्रिकेट खेळा, शिंपले वेचा, पाण्यात मात्र जाऊ नका. अष्टमीच्या आगेमागे भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही बेताच्या. माझं ऐकाल तर अष्टमी ते एकादशी यातला दिवस धरा. बारा ते दोनच्या दरम्यान ओहोटी संपते आणि दुपारभर पाणी हळूहळू वर येत राहतं. मुलांच्या पोहण्याला याहून चांगली वेळ नाही. तरीही स्थानिक माणूस "आज नको" म्हणाला तर वाद घालायचा नाही.

आंजर्ल्याच्या गणपतीला संकष्टीला गर्दी होते, अंगारकीला तर विचारूच नका. दर्शन निवांत हवं असेल तर वद्य चतुर्थी टाळा. नेमकं संकष्टीलाच जायचं असेल तर मग हा चार गावांचा बेत विसरा आणि त्या दिवशी फक्त देव करा.

ऋतूंचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे महिन्यात आंबा, करवंदं, जांभळं मिळतात, पण अकराच्या पुढे ऊन सोसवत नाही. पावसाळ्यात हिरवळ डोळ्यांत मावत नाही, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे हर्णैचा मासळीचा लिलाव नाही आणि समोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याकडे होडीही नाही. पाखाड्यांवर, म्हणजे दगडी पायवाटांवर, शेवाळ साचतं ते वेगळंच.

आदल्या संध्याकाळची तीन कामं

मुक्काम दापोलीत आहे असं धरते. स्वतःची गाडी नसेल तर कोकण रेल्वेने खेडला उतरा. तिथून दापोली तीसेक किलोमीटर, एस.टी. मिळते. दापोलीत दिवसभरासाठी रिक्षा किंवा गाडी ठरवता येते. ठरवताना "आसूदला थांबायचं, आंजर्ल्याला वर देवळापर्यंत जायचं, हर्णै बंदरावर थांबायचं" असं एकेक बोलून घ्या. नंतर "ते नव्हतं ठरलं" नको.

पहिलं काम पेट्रोलचं आणि रोख पैशांचं. दोन्ही दापोलीतच उरकून घ्या. गावात मोबाइलवर पैसे घेतात हो, पण रेंजने दगा दिला की कोळणीसमोर मोबाइल उंच धरून उभं राहावं लागतं, आणि ती काही तुमच्यासाठी गिऱ्हाईक थांबवून ठेवत नाही.

दुसरं काम जेवण सांगून ठेवण्याचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. इथल्या घरगुती खानावळी म्हणजे शहरातली हॉटेलं नव्हेत. काकू तुमच्यासाठी नारळ फोडतात, वाटण वाटतात, मोदकाची उकड काढतात. त्यांना आदल्या रात्री कळायला हवं. फोन केला की पहिला प्रश्न येईल, "किती पानं?" मोठी माणसं किती, मुलं किती, नीट सांगा. शाकाहारी की मासे, तेही सांगा. एकाच घरात उकडीचे मोदक आणि तळलेली सुरमई दोन्ही मिळेल असं धरून चालू नका. कुठे मिळेलही, पण विचारून घ्या. आणि जी वेळ सांगाल ती पाळा. एकदा आमचे पाहुणे साडेबाराचं सांगून अडीचला ताटावर बसायला गेले. काकूंनी वाढलं सगळं, पण "भात आता गार झालाय हो" हे इतक्या शांतपणे म्हणाल्या की मी घरी बसून शरमले.

तिसरं काम पोटाचंच, पण उलट बाजूचं. रस्ता वळणावळणाचा आहे. ज्याला गाडी लागते त्याची गोळी निघायच्या अर्धा तास आधी द्या, वळणं सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही. आवळासुपारी, आलेपाक, एक जुना टॉवेल आणि दोन पिशव्या हाताशी ठेवा. सकाळी भरपेट दूध पाजून मुलांना गाडीत घालू नका.

सात वाजता निघा: आसूद

दापोली समुद्रसपाटीपासून साधारण ८०० फुटांवर आहे. इंग्रजांची छावणी होती म्हणून जुनी माणसं अजून "कॅम्प दापोली" म्हणतात. तिथून हर्णै रस्त्याने खाली उतरू लागलं की सहा-सात किलोमीटरवर आसूद. केशवराजाला जायचं असं विचारलं की कोणीही वाट दाखवतं. गाडी ठेवायची आणि चालायला लागायचं. लहान मुलं धरून जायला वीस-पंचवीस मिनिटं, यायला तेवढीच. पायात घट्ट पट्ट्याच्या चपला किंवा बूट हवेत. चिऱ्याच्या आणि दगडांच्या पायऱ्या सकाळी दवाने ओल्या असतात.

इथे घाई करू नका. माझ्या मते अख्ख्या दिवसातला हा सगळ्यात सुंदर तास आहे. वाट आधी खाली उतरते ती थेट आगरातून. दोन्हीकडे पोफळी, इतक्या उंच आणि सरळ की मान मागे टाकावी लागते. मधे केळी, जायफळ, खोडांना बिलगलेले मिऱ्याचे वेल. ऊन वरच अडतं, खाली नुसता हिरवा उजेड. पाटाचं पाणी कुठेतरी झुळझुळत असतं, दिसत नाही. जमिनीवर नारिंगी सुपाऱ्या पडलेल्या असतात. मुलं वाकतातच. हातात घेऊन बघू द्या, पण खिशात घालू देऊ नका. आगर कोणाचं तरी आहे, त्यातली प्रत्येक सुपारी मोजली नसली तरी धरलेली असते. पडलेली विरी दिसली तर मात्र मालकाला विचारून घ्या. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचा तो रुंद, चामड्यासारखा बुडखा. एका मुलाने त्यावर बसायचं, दुसऱ्याने झावळीचं टोक धरून ओढायचं. माझ्या भाचरांनी गाडीतल्या टॅबकडे त्या दिवशी परत पाहिलं नाही.

खाली ओढ्यावर लहानसा पूल आहे. तो ओलांडला की चढण लागते. आजीआजोबांना हीच जड जाते, त्यांना मधे दोनदा बसू द्या. वर झाडीत केशवराजाचं देऊळ. शंख, चक्र, गदा, पद्म धारण केलेली विष्णूची काळी मूर्ती. अंगणात दगडी गोमुखातून पाणी पडत असतं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून इथवर आणलंय. ना पंप, ना वीज, नुसता उतार. मुलांना हे पन्हळीचं गणित दाखवा. पाणी वरून कसं येतं हे शोधायला माझा मोठा भाचा देवळामागे गेला तो हाक मारल्यावर आला.

मुरुड: अर्धा तास पुरे, पण तो अर्धा तास द्या

आधी एक खुलासा. हे दापोलीचं मुरुड. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात, इथून खूप लांब. नकाशात नाव घालताना "मुरुड, दापोली" असं पूर्ण घाला. चुकलेले लोक मी पाहिलेत.

बहुतेक लोक इथे थेट समुद्राकडे जातात. तुम्ही आधी गावातून चाला. सरळ आखलेला रस्ता, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणं, त्यामागे घरं, घरांमागे आगरं, आणि आगरांमागे समुद्र. दुर्गादेवीचं देऊळ बघा, लाकडी खांबांवरचं कोरीव काम मान वर करून बघण्यासारखं आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावचे. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, १९५८ साली वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न झाले, हे मुलांना शाळेत शिकवतातच. मी मुलांना दुसरी गोष्ट सांगते. परीक्षेला बसायचं म्हणून हे मुरुडहून साताऱ्याला चालत गेले, सह्याद्री ओलांडून. आणि तिथे पोचल्यावर, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. वय भरलेलं होतं, चण लहान होती. "मग त्यांनी काय केलं?" "परत चालत आले." मागच्या सीटवर एसी लागत नाही म्हणून चाललेली कुरकुर निदान हर्णैपर्यंत थांबते.

तिथी चतुर्थी-पंचमीची असेल तर समुद्रस्नान इथेच उरका, कारण ओहोटी नऊ-दहाला संपते. नाहीतर पाय भिजवून पुढे चला.

आणि गाडी वाळूत घालू नका. दर सुट्टीत कोणीतरी घालतं. आमच्या भाऊरायांनीही घातली होती, फोटोसाठी. ओली वाळू डांबरासारखी टणक दिसते, पण चाक थांबलं की रुततं. भरती चढत होती. गावातल्या एका दादाने ट्रॅक्टर आणून ओढून काढली तेव्हा पाणी मागच्या दारापर्यंत आलं होतं. वाळूत गाडी नेली म्हणून पोलीसही विचारतात, तो भाग निराळाच.

मुरुडहून सालदुऱ्यावरून किनाऱ्याकिनाऱ्याने हर्णै गाठता येतं. रस्ता अरुंद आहे. वळणावर हॉर्न द्या, चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या, आणि समोर एस.टी. आली की मुकाट मागे घ्या. वाट विचारलीत तर "हे काय, पुढेच" असं उत्तर येईल. हे "पुढेच" दोन वळणांचं असतं किंवा पाच मैलांचं. दोनदा विचारावं.

आंजर्ले: आधी देव, मग पान

सकाळी हर्णैला न थांबता खाडीवरचा पूल ओलांडून सरळ आंजर्ल्याला जा. पूल व्हायच्या आधी इथे तरीने खाडी पार करावी लागे, सासूबाई अजून ते हलणारं पाणी आठवून हात घट्ट धरतात.

कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा. आधीचं देऊळ लाकडी होतं, आत्ताचं १७६८ ते १७८० या काळात जीर्णोद्धार होऊन उभं राहिलं. गाडी वरपर्यंत जाते. पण अंगात जोर असेल तर घरातल्या दोघातिघांनी खालून पाखाडीने चढावं आणि बाकीच्यांनी गाडीने वर जावं. वाटेत गणपतीचं पाऊल आहे. खाली समुद्रकाठी देवाचं ठिकाण होतं, समुद्र आत आला तेव्हा देव एक पाऊल टाकून कड्यावर आला, अशी गोष्ट सांगतात. देवळाच्या आवारातून खाली बघा: माडांचं छत, त्यापलीकडे पांढरी रेघ, आणि लांब पाण्यात सुवर्णदुर्ग.

बाराच्या आत खाली उतरा, साडेबाराला पानावर बसा. वाढतील त्याप्रमाणे वालाची डाळिंब्यांची उसळ असेल, फेब्रुवारी-मार्च असेल तर ओल्या काजूची, कुळथाचं पिठलं असेल. सोलकढी मागून घ्या, पण भातावर ओतायला थोडी ठेवा. मोदकाचं नाक मोडून त्यात तूप सोडायचं असतं, काट्या-चमच्याने त्याचे तुकडे करू नका, निदान काकूंसमोर तरी. जेवण झाल्यावर ओसरीवर अर्धा-पाऊण तास पडू द्या म्हणून विचारलंत तर सहसा चटई मिळते. लहान मुलं आणि गाडी चालवणारा, दोघांनाही ही झोप हवीच.

तीनच्या सुमारास आंजर्ल्याचा किनारा. अष्टमी ते एकादशी धरली असेल तर हीच ती पोहण्याची वेळ. या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालतात. वाळूत कुंपण घातलेली जागा दिसली तर आत जायचं नाही. पिल्लं समुद्रात सोडताना बघायची असतील तर ते साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमधलं काम, पहाटे किंवा संध्याकाळी. ते नीट पाहायचं तर वेळासला वेगळी रात्र काढा, या दिवसात कोंबू नका. केळशीचंही तेच. महालक्ष्मीचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा, वाळूची टेकडी, सगळं बघण्यासारखं आहे, आणि म्हणूनच आज नको.

साडेचारला हर्णै

आता बंदर. गाडी लांब ठेवा, लिलावाच्या जागेजवळ टेम्पोंची रांग असते. चांगले बूट गाडीतच काढा. पायाखाली पाणी, बर्फ, खवले असणार. वास येतो. मुलं नाक दाबतात, पाच मिनिटांत विसरतात.

मोठ्या होड्या पाण्यातच उभ्या राहतात. त्यांच्यावरचा माल छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येतो. बैल छातीपर्यंत पाण्यात उभे असतात, लाट आली तरी हलत नाहीत. टोपल्या वाळूवर ओतल्या की भोवती कडं होतं आणि बोली सुरू. बोलणारा इतक्या वेगाने आकडे म्हणतो की आपल्याला शेवटचाच कळतो. तुम्ही त्या कड्यात शिरू नका, हात वर करून फोटो काढू नका, खरंच बोली समजली जाईल. तो घाऊक माल. आपली खरेदी बाजूला बसलेल्या कोळणींकडे. त्या वाटे लावून बसतात: कोलंबीचा वाटा, बांगड्यांचा वाटा. मासा दाबून बघा, खळगा लगेच भरला पाहिजे. कल्ले लाल हवेत, डोळा फुगीर आणि स्वच्छ. भाव करा, पण "मावशी" म्हणून करा आणि एकदाच करा.

उजेड असेल तर कनकदुर्गाकडे जा, दीपगृहाच्या बाजूला. तिथून समोर सुवर्णदुर्ग. १६६०च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तो घेतला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ते मोठं ठाणं होतं. १७५५ साली तुळाजी आंग्र्यांकडून तो गेला, इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तोफा डागल्या आणि पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे मुलांना सांगताना जरा अडखळायला होतं. २०२५ साली मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांमधला एक म्हणून याचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. होडीने किल्ल्यात जाता येतं, दारात पायरीवर कासव कोरलंय, पण त्याला सकाळची वेळ आणि शांत समुद्र हवा. आज लांबूनच बघा.

सूर्य बुडाला की निघा. हर्णै ते दापोली पंधरा-सोळा किलोमीटर, चढणीचा रस्ता, अंधारात गुरं मधे बसलेली असतात. बर्फ बंदरावरच मागून घ्या आणि मासे झाकणाच्या डब्यात घाला, नुसत्या पिशवीत ठेवलेत तर आठवडाभर गाडी हर्णैचाच वास देईल. आणि एक गोष्ट कोळणीला पैसे द्यायच्या आधी ठरवून टाका: रात्री आठ वाजता मुक्कामाला पोचल्यावर दोन किलो कोलंबी सोलायला कोण बसणार. आमच्या घरी उतरणाऱ्यांना मी हे दारातच विचारते.